फसलेलं टाचण फेकू नका: सराव पाठ, शेरे आणि पुढचा तास

बी.एड.ची पाठ टाचण वही, म्हणजे प्रत्येक तासाचं नियोजन आधी लिहून ठेवायची वही, कशी असते, हे ज्यांनी ती लिहिली आहे त्यांना सांगायला नको. खाकी कव्हर, आखलेला समास, उद्दिष्टं हिरव्या शाईत, स्पष्टीकरणं निळ्या. मजकूर बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या कुणा ताईच्या वहीवरून उतरवलेला. या वहीत पाठ कधीच फसत नाही. 'विद्यार्थी कृती'च्या रकान्यातली मुलं प्रत्येक प्रश्नाचं अचूक उत्तर देतात, तेही पूर्ण वाक्यात. मी अठरा वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवते आहे. अशी मुलं अजून माझ्या वर्गात आलेली नाहीत.

दरवर्षी आमच्या शाळेत आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावाला, छात्राध्यापक (बी.एड.चे विद्यार्थी) येतात आणि मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसते. त्यांना तुकड्या-तुकड्यांनी जे सांगते, ते इथे सलग लिहिते आहे. मी बी.एड. केलं तेव्हा ते एका वर्षाचं होतं आणि पाठांचा नुसता आकडा पूर्ण करायची घाई असायची. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीनंतर अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतली आंतरवासिता २० आठवड्यांची. एवढा वेळ हाताशी असताना दहा नवे पाठ उरकण्यापेक्षा एकच पाठ तीन वेळा दुरुस्त करून घेतलेला बरा, असं माझं ठाम मत आहे. ते कशामुळे झालं, ते आधी सांगते.

माझा पहिला पाठ

इयत्ता पाचवी, तुकडी अ, छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. फळ्यावर लिहिलं: १/२ + १/३. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उत्साहानं उठला आणि म्हणाला, "दोन छेद पाच." मी म्हटलं, "चूक. बस खाली. कोण सांगेल?" पहिल्या बाकावरची, शिकवणीला जाणारी मुलगी म्हणाली, "पाच छेद सहा." मी शाब्बास म्हटलं, रीत फळ्यावर लिहिली, मुलांनी उतरवून घेतली, घंटा झाली. निरीक्षणाला आलेल्या सरांनी शेरा दिला: 'पाठ उद्दिष्टांनुसार झाला. फलकलेखन सुधारावे.' मी खूश.

त्या वर्गाच्या बाई मागे बसून वह्या तपासत होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पोराला दोन छेद पाच कुठून आलं गं?" मी म्हटलं, वरचे वर मिळवले, खालचे खाली. "ते झालंच. पण दोन छेद पाच हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" मी तिथेच मनात हिशेब केला. कमी. म्हणजे अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आलं होतं, आणि ते त्या मुलाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही. बाई म्हणाल्या, "उद्या ब तुकडीला हाच पाठ घे. परवा क ला. मी तास देते."

मला ही संधी नशिबानं मिळाली. तुम्हाला ती मागून घेता येईल. पाचवीच्या दोन-तीन तुकड्या असलेली शाळा मिळाली असेल, तर विषयशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

पाठाआधी: दोन टाचणं

कॉलेजच्या नमुन्यातलं टाचण लिहायचंच आहे, सही त्यावरच मिळते. त्याच्याशी भांडू नका. पण वर्गात नेण्यासाठी दुसरं टाचण करा: पाठकोऱ्या कागदाचं, अर्ध्या पानाचं, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं.

वर एकच वाक्य असू द्या: तास सुटताना मुलांना काय करता आलं पाहिजे. 'समजते' हे क्रियापद इथे चालणार नाही, कारण समजलेलं डोळ्यांना दिसत नाही. 'दोन अपूर्णांकांची बेरीज पट्टीवर दाखवून सांगतो' हे दिसतं. त्याखाली मिनिटं. तास ३५ मिनिटांचा असला, तरी आधीच्या सरांचा फळा पुसणं, हजेरी, "बाई, वही कुठली?" यात पाच जातात. ३० चाच हिशेब धरा. मग दोन मुख्य प्रश्न, जसेच्या तसे, तोंडातून जसे निघणार त्या शब्दांत. प्रश्न आयत्या वेळी सुचेल असं वाटतं, पण सुचतो तो "समजलं का?" आणि त्याला सगळा वर्ग "हो" म्हणतो.

शेवटी एक रकाना जो छापील नमुन्यात नसतो: मुलं काय चुकतील. किमान दोन चुका आधी लिहून ठेवा आणि प्रत्येकीसमोर 'मग मी काय विचारेन' तेही लिहा. सुचत नसेल तर वर्गशिक्षकांकडून मागच्या घटक चाचणीचे पेपर मागून घ्या. दहा पेपर चाळलेत तरी रकाना भरेल.

प्रस्तावनेबद्दल थोडं, कारण छात्राध्यापकांची निम्मी शक्ती तिथेच खर्च होते. "आई सकाळी काय करते? पोळी कशी असते? पोळीचे चार भाग केले तर एका भागाला काय म्हणाल?" आणि मग ते ठरलेलं हेतुकथन, "तर मुलांनो, आज आपण…" एका मुलीच्या पाठात दुसऱ्याच प्रश्नाला उत्तर आलं, "बाई, आमच्याकडे भाकरी असते." ती गडबडली, कारण टाचणात पोळीच होती. खरं तर भाकरीचेही चार भाग होतातच. प्रस्तावना दोन मिनिटांत संपवा आणि तिच्यात मुलांना काही ओळखायला लावायचा खेळ करू नका.

निरीक्षकाला काम द्या

मागे बसणाऱ्याला काय बघायचं ते सांगितलं नाही, तर तो तुमच्याकडे बघतो: आवाज, अक्षर, साडी, हालचाल. मुलांकडे बघतच नाही. प्राध्यापकांना काम सांगता येत नाही, हे मान्य. पण मागच्या बाकावर तुमची सहाध्यायी मैत्रीण बसलेली असतेच. तिला पाठाआधी एकच काम द्या.

सगळ्यात सोपं काम म्हणजे वर्गाचा नकाशा. बाकांचे चौकोन काढायचे आणि जो बोलला त्याच्या चौकोनात एक टिंब द्यायचं. तास संपल्यावर त्या कागदावर बहुतेक वेळा पहिल्या दोन रांगांत टिंबांची गर्दी दिसते आणि खिडकीकडचा अख्खा कोपरा कोरा.

दुसरं काम थोडं चिकाटीचं. फ्लँडर्सची वर्गांतरक्रिया विश्लेषण पद्धती, म्हणजे वर्गात कोण किती बोलतं ते नोंदवायची रीत, तुम्ही परीक्षेसाठी पाठ केली असेल: दहा प्रकार, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा, दर तीन सेकंदांना एक नोंद. एवढी सुंदर गोष्ट आपण फक्त दहा गुणांच्या प्रश्नात वापरतो. तिचा घरगुती अवतार असा: मैत्रिणीनं घड्याळ समोर ठेवून पाच मिनिटं, दर दहा सेकंदांना एक अक्षर लिहायचं. शिक्षक बोलत असेल तर 'शि', मूल बोलत असेल तर 'मु', कुणीच नाही तर 'शां'. तीस अक्षरं होतात. त्यातली पंचवीस 'शि' निघाली, की पुढचं कुणी सांगावं लागत नाही.

तिसरं, प्रश्न विचारल्यावर किती थांबता ते मोजणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच थांबणं तीन सेकंदांवर गेलं, की मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणं कमी झालं. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्गासमोर उभं राहिल्यावर फार लांब वाटतात. मनात 'एक रुपया, दोन रुपये, तीन रुपये' म्हणा आणि मगच कुणाचं नाव घ्या.

घंटा झाल्यावरची दहा मिनिटं

कुणाचाही शेरा ऐकण्याआधी स्वतः लिहा. जागा कुठलीही चालेल, जिन्याची पायरीसुद्धा. पेन्सिलीच्या टाचणावरच लाल पेनानं: कुठे वेळ जास्त गेला, कुठला प्रश्न आयत्या वेळी बदलला, कुठल्या उत्तरानं तुम्ही अडखळलात. मुलाचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. 'एका विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर दिले' या वाक्यातून पुढे काही निघत नाही. 'तिसरा बाक, १/२ + १/३ = २/५, खात्रीनं सांगितलं' यातून पुढचा अख्खा तास निघू शकतो.

हे आधी करायचं कारण साधं आहे. सरांचा शेरा एकदा कानावर पडला, की तुम्हाला फक्त तेवढंच आठवतं. सर फलकलेखनावर बोलले तर पुढचे आठ दिवस तुम्ही अक्षर वळणदार काढत बसता.

शक्य असेल तर तासाच्या शेवटच्या तीन मिनिटांत मुलांकडून चिठ्ठी घ्या. वहीचा पाव कागद, नाव नको. फळ्यावर दोन प्रश्न: '१/२ + १/४ किती?' आणि '१/३ + १/४ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी, कसं कळलं?' संध्याकाळी तीन गठ्ठे करा: बरोबर, चूक पण वाट दिसते आहे, आणि कोरे. पुढचा तास मधल्या गठ्ठ्यातून सुरू करायचा.

शेरा ऐकताना

प्राध्यापक बहुधा पाच-सहा जणांसमोर बोलतात आणि त्यांना पुढच्या शाळेत जायचं असतं. पहिली दोन मिनिटं "हो सर, पण मुलंच…" हे वाक्य गिळा. शब्दशः लिहून घ्या. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, लिहिणं थांबवू नका. मग एकच विचारा: "सर, हे पाठात नेमकं कुठे जाणवलं?" बहुतेक सर थांबून विचार करतात आणि मग जे सांगतात तोच खरा अभिप्राय असतो. कागदावर लिहिलेलं ते नुसतं त्याचं शीर्षक.

ही शीर्षकं वर्षानुवर्षं तीच आहेत, म्हणून त्यांच्याखाली काय दडलेलं असतं ते माझ्या अनुभवातून सांगते.

'आवाज वाढवावा.' आवाज क्वचितच लहान असतो. तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलत असता, किंवा वर्ग कुजबुजत असताना सूचना देत असता. उपाय टाचणात लिहायचा: 'आधी लिहीन, मग वळेन, मग बोलेन.' पारख हवी असेल तर शेवटच्या बाकावरच्या मुलाला म्हणा, "मी काय विचारलं ते परत सांग."

'वर्ग नियंत्रण ठेवावे.' याला "कधी?" हा प्रश्न विचारल्याशिवाय काही अर्थ नाही. गोंधळ बहुधा दोनच वेळा होतो: साहित्य वाटताना, आणि एक मूल फळ्यावर गणित सोडवत असताना बाकीचे पन्नास रिकामे असतात तेव्हा. ओरडण्यानं दोन्ही थांबत नाहीत. टाचणात प्रत्येक कृतीसमोर 'बाकीचे काय करतील' हे लिहिलं, की निम्मं नियंत्रण घरीच होतं.

'फलकलेखन सुधारावे.' हा अक्षराबद्दलचा शेरा क्वचित असतो. फळ्याचे तीन भाग करा: डावीकडे पाठाचं नाव आणि जे शेवटपर्यंत राहायला हवं ते, मध्ये चालू काम, उजवीकडे कच्चं. तास संपल्यावर रिकाम्या वर्गातल्या फळ्याचा मोबाइलवर फोटो काढा. दुपारी त्या फोटोकडे बघून, पाठाला न बसलेल्या मैत्रिणीला तास कशावर होता ते ओळखता आलं पाहिजे.

'प्रबलन द्यावे.' म्हणजे मुलाच्या प्रतिसादाला दाद द्यावी. सूक्ष्मपाठातलं (एकाच कौशल्याच्या छोट्या सराव पाठातलं) हे कौशल्य वर्गात गेलं की "छान, छान, शाब्बास, छान" होऊन बसतं. काय छान झालं ते सांगा: "तू आधी दोन्ही छेद बघितलेस, मग सुरुवात केलीस."

आणि 'चांगला प्रयत्न.' यात हाती लागण्यासारखं काहीच नाही. हा शेरा मिळाला तर सरांना गाठून विचारा, "हाच पाठ उद्या परत घ्यायचा झाला तर कुठली एक पायरी बदलू?"

एकच बदल

शेरे सात मिळाले तरी पुढच्या टाचणात एकच उतरवा. सूक्ष्म अध्यापन १९६३ च्या सुमाराला स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालं, ते याच विचारानं: एका वेळी एक कौशल्य. आपल्याकडचं ३६ मिनिटांचं चक्र तुम्हाला पाठ असेल: अध्यापन ६, प्रत्याभरण (अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६. त्यात सगळ्यात मोठा वाटा पुनर्नियोजनाचा आहे, शिकवण्याच्या दुप्पट. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी नेमकी तीच १२ मिनिटं गळतात आणि 'पुनर्पाठ' फक्त वहीत होतो. ती मिनिटं तुमची तुम्ही परत मिळवा.

माझ्या ब तुकडीच्या पाठात मी एकच गोष्ट बदलली: चूक मीच फळ्यावर लिहिली. '१/२ + १/३ = २/५. बरोबर की चूक?' मुलांना दहा चौकोनांची कागदी पट्टी कापायला दिली. अर्धी रंगवा: पाच चौकोन. दोन पंचमांश रंगवा: चार चौकोन. वर्गात एकदम कुजबुज झाली. एक मुलगा म्हणाला, "बाई, मिळवल्यावर कमी कसं झालं?" हाच प्रश्न मला बाईंनी विचारला होता.

मग दुसरा एक उठला आणि त्यानं मला परत अडचणीत आणलं. "पण बाई, दोन बॉलमध्ये एक फोर मारला आणि नंतर तीन बॉलमध्ये एक मारला, तर पाच बॉलमध्ये दोनच झाले ना?" झाले की! त्याचं चुकत नव्हतं. चेंडूंच्या हिशेबात एकूण चेंडू वाढत जातात. पट्टीत पूर्ण पट्टी एकच राहते आणि तिचेच भाग मिळवायचे असतात. हे मला त्या दिवशी वर्गात धड सांगता आलं नाही. "आपण उद्या बघू" म्हणाले. पण 'दोन छेद पाच' म्हणणारं मूल मठ्ठ नसतं, ते दुसऱ्याच गणिताचं बरोबर उत्तर देत असतं, हे तेव्हापासून पक्कं डोक्यात बसलं.

शिवाय पाठ वेळेत संपला नाही. पट्ट्या कापण्यात ११ मिनिटं गेली, आठ मुलांकडे कात्रीच नव्हती, आणि सहा चौकोनांच्या पट्टीवर तीन अधिक दोन बरोबर पाच हे दाखवायच्या आतच घंटा झाली. त्या दिवशीच्या निरीक्षण पत्रकावर शेरा होता, 'वेळेचे नियोजन नाही.' पहिल्या, फसलेल्या पाठाला त्यापेक्षा चांगला शेरा मिळाला होता. असं होतं. पाठ सुधारताना काही दिवस तो जास्त वाईट दिसतो, तेव्हा घाबरून जुन्या टाचणाकडे वळू नका.

दोन सर, दोन मतं

एक म्हणतात व्याख्या आधी सांगा, दुसऱ्या बाई म्हणतात उदाहरणांवरून मुलांकडून काढून घ्या. अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. दोन तुकड्यांत दोन्ही करून बघा, शेवटी तीच चिठ्ठी घ्या आणि गठ्ठे मोजा. दोन तुकड्या कधीच सारख्या नसतात, त्यामुळे हा पुरावा नाही, पण तुमच्या अंदाजाला काहीतरी आधार मिळतो. आणि सही ज्यांची आहे ते अगदीच हट्टाला पेटले, तर त्यांच्या निरीक्षणाच्या तासाला त्यांच्या पद्धतीनं घ्या. वीस आठवड्यांत बाकीचे तास तुमचेच आहेत.

कधीकधी शेरा साफ चुकीचाही असतो. तरी तो लिहून ठेवा, पुढे तारीख घाला. मला चुकीचे वाटलेले दोन-तीन शेरे पुढे चार वर्षांनी बरोबर निघाले. एक अजूनही चुकीचाच आहे.

वहीचं काय करायचं

कॉलेजला जमा करायची वही नेटकी लिहा, ती परत मिळेलच असं नाही. पेन्सिलीची टाचणं मात्र घटकाप्रमाणे एका फाइलला लावा: पहिलं, दुसरं, तिसरं, एकाखाली एक. लाल खुणा पक्क्या करत बसू नका, नवं स्वच्छ लिहून जुनं फाडू नका. नोकरीच्या मुलाखतीत पाठ घेऊन दाखवायला सांगतात, तेव्हा ही फाइल छापील मार्गदर्शकापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण त्यात मुलं कुठे चुकतात ते लिहिलेलं असतं.

माझ्या त्या फाइलमधलं क तुकडीचं टाचण अजून आहे. त्या पाठाला पट्ट्या मी घरून कापून नेल्या होत्या, बाकाला एक. क्रिकेटचा प्रश्न मीच आधी काढला. सगळं वेळेत झालं, चार मिनिटं उरली. त्या चार मिनिटांत मी हौसेनं फळ्यावर १/२ + २/३ लिहिलं. मुलांनी सहा चौकोनांच्या पट्टीवर तीन रंगवले, मग चार रंगवायला घेतले, आणि एकेका बाकावरून ओरडा आला, "बाई, पट्टी संपली!"

समासात लाल पेनानं लिहिलंय: 'बाकाला दोन पट्ट्या.'